काटे कुणी बघायचे?

हौशी रॅलीवाल्याच्या गाडीत पहिल्यांदा डोकावणाऱ्याला हमखास वाटतं, की मीटर बसवणाऱ्याने त्या दिवशी जरा जास्तच घेतली असावी. तिन्ही मीटर तिरकी. एकाचा शून्य पार तळाला गेलेला, दुसऱ्यातला ऐंशी आडवा झोपलेला, तिसऱ्यावरचं कंपनीचं नाव जवळजवळ उलटं. आमच्या गाडीत वाकून बघत सोसायटीतल्या एका काकांनी अगदी आपुलकीने सुचवलं होतं, "हे तेवढं सरळ करून घ्या."

ती मुद्दाम तशी फिरवलेली आहेत. इंजिन ठणठणीत असताना प्रत्येक काटा घड्याळातल्या बारावर आल्यासारखा ताठ उभा राहील, अशा बेताने मीटर आपापल्या भोकात फिरवून घट्ट करायचं. युक्ती जुनी आहे. रेसिंगवाल्यांनी वापरली, विमानवाल्यांनीही. तीन काटे उभे असले की पुढे बघत राहा. एखादा कलला तर त्याचं कलणं आधी जाणवतं. कशाचा काटा, किती कलला, हे नंतर. आकडा वाचायची वेळच येत नाही. मीटरवर आकडे छापलेत ते गाडी गॅरेजमध्ये उभी असताना वाचायला, असं म्हटलं तरी चालेल.

मी बसतो डावीकडे, को-ड्रायव्हरच्या सीटवर. मांडीवर नोट्सची वही, समोर ट्रिपमीटर, उजवीकडे कॉलेजपासूनचा मित्र. गाडी त्याची, जुनी एस्टीम. इंजिन त्याचं आणि त्या इंजिनाचे हप्तेही त्याचेच. त्यामुळे स्टेजवर, म्हणजे घड्याळ लावून पळायच्या बंद रस्त्यावर, मला वळणांइतकीच त्याच्या नजरेची काळजी असते. ती रस्त्यावरून कधी सुटते हे मान न वळवताही कळतं. मी "लेफ्ट फोर" म्हणतो, म्हणजे डावं वळण, चार नंबरच्या तीव्रतेचं, आणि गाडी वळायला एक श्वास उशीर करते.

त्या एका श्वासाचा हिशेब मांडून बघावा. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर. नाशिककडच्या मुरमाड रस्त्यांवर किंवा चिकमगळूरला कॉफीच्या मळ्यांतून जाणाऱ्या अरुंद वाटांवर मोकळा पट्टा मिळाला, की हौशी माणूसही हा वेग गाठतो. नजर मीटरवर नेऊन परत आणायला सगळं धरून अर्धा ते एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी 12 ते 25 मीटर आंधळी पळालेली असते. डोळ्याची ठेवणच अशी, की बारीक आणि स्पष्ट दिसतं ते मधल्या जेमतेम दोन अंशांत. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढ्या जागेत. उरलेल्या नजरेला हालचाल कळते, उजेड कळतो, आकडा कळत नाही. त्यामुळे मीटर वाचायचं तर तो नखाएवढा तुकडा रस्त्यावरून उचलून डॅशबोर्डवर आणावा लागतो. शिवाय लांबवर लागलेला फोकस हातभर अंतरावर आणायचा आणि पुन्हा लांब न्यायचा. विशीत हे चुटकीसरशी होतं. चाळिशी आली की डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि ही ये-जा रेंगाळते. आता हौशी रॅलीत उतरतं कोण? बव्हंशी ज्यांच्याकडे गाडी आपटून घेण्याइतके पैसे साठलेत ते. आणि ते साठेपर्यंत चाळिशी दारात उभी राहिलेली असते. हेल्मेटमध्ये चष्मा कोंबून बसलेली मंडळी सर्व्हिस पार्कात हवी तेवढी सापडतात.

मग मीटर काढूनच का टाकत नाहीत? काहींच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. स्पीडोमीटर घ्या. स्टेजवर आपला वेग नेमका किती, याचा ड्रायव्हरला काडीचा उपयोग नसतो. वळण "थ्री" असेल तर थ्रीच्या वेगाने जायचं, आणि तो वेग अंगाला माहीत असतो. स्पीडोमीटर लागतो तो दोन स्टेजच्या मधल्या सार्वजनिक रस्त्यावर, जिथे ट्रक असतात, एसटी असते, शाळा सुटलेली पोरं असतात आणि हवालदारही असतो. तिथे वेगमर्यादा सगळ्यांना असते तशी आम्हालाही, आणि टाइम कंट्रोलला ठरलेल्या मिनिटाला हजर व्हायचं असतं. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे उशीर झाला तर दर मिनिटाला दहा सेकंदांचा दंड, लवकर पोचलात तर दर मिनिटाला अख्ख्या मिनिटाचा. वेगाच्या खेळात घाई ही उशिरापेक्षा सहापट महाग पडावी, हे मला अजूनही फार आवडतं.

टॅकोमीटरचं वेगळं. इंजिन किती फिरतंय हे कानाला कळतं, असं रस्त्यावर गाडी चालवणारे म्हणतात आणि ते बरोबरही आहे. पण डोक्यावर हेल्मेट, कानात इंटरकॉममधून माझी अखंड बडबड आणि खाली संप गार्डवर ताशा वाजवणारे दगड, यात इंजिनाचा सूर कुठून ऐकू येणार? म्हणून शिफ्ट लाइट. ठरवलेल्या आरपीएमला तो लखकन पेटतो आणि हात आपोआप गिअरवर जातो. टॅकोमीटरचा भला थोरला काटा त्याच्या मागे बिचारा फिरत राहतो. फोटोत मात्र तोच छान येतो.

उरतात ती इंजिनाच्या प्रकृतीची मीटर: ऑइलचं प्रेशर, ऑइलचं तापमान, पाण्याचं तापमान. खरी भानगड इथे आहे, आणि ती डोळ्यांपेक्षा पोटातल्या गोळ्याची जास्त आहे. व्यावसायिकांचं वेगळं. गौरव गिल यांनी 2013 मध्ये एमआरएफच्या स्कोडा फाबियात बसून आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप जिंकली. 2019 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटरस्पोर्टमधल्या माणसाला मिळालेला पहिलाच. त्या पातळीवर इंजिनाची काळजी करायला पगारी माणसं असतात. स्टेज संपली की ती लॅपटॉप जोडून बसतात आणि ड्रायव्हर पाणी पितो. हौशी ड्रायव्हर स्वतःच मालक, स्वतःच मॅनेजर, आणि इंजिन उघडावं लागलं तर घरी उत्तर द्यायलाही स्वतःच. त्याची नजर मीटरकडे जाते ती माहिती घ्यायला नव्हे, धीर घ्यायला. दहा सेकंदांपूर्वी पाहिलेलं तापमान पुन्हा पाहून नवं काय कळणार? तरी राहवत नाही. ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाला आई उगाचच पुन्हा पुन्हा हात लावते, तसं ते असतं.

आणि ही भीती पोकळ नसते. हौशी गाडीतल्या प्रत्येक जादा मीटरमागे कुठेतरी काहीतरी जळालेलं किंवा फुटलेलं असतं. या गाडीत नसलं तर शेजारच्या पिटमधल्या गाडीत. ऑइल प्रेशरचंच बघा. एस्टीममध्ये कंपनीने दिलेला असतो तो फक्त झारीचं चित्र असलेला लाल दिवा. असे दिवे साधारणपणे प्रेशर पाच-सात पीएसआयच्या खाली गेलं की पेटतात. गाडी सिग्नलला उभी असताना तेवढं पुरतं. पण गॅरेजमधला जुना ठोकताळा सांगतो, की दर हजार आरपीएममागे दहा पीएसआय हवं. सहा हजारांवर फिरणाऱ्या इंजिनाला साठ लागत असताना पाचावर पेटणारा दिवा काय कामाचा? ज्यांनी ही गाडी बांधली ते गॅरेजचे मामा त्या दिव्याबद्दल म्हणतात, "तो इशारा द्यायला नसतोच. सुतक कळवायला असतो."

त्यात गंमत अशी, की प्रेशर बसतं ते नेमकं लांब वळणावर. इंजिनाखालच्या चेंबरमधलं तेल एका अंगाला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो, आणि क्रँकच्या बेअरिंगला क्षणभर काहीच पोचत नाही. चेंबरमध्ये पत्र्याचे आडोसे वेल्ड करून तेल जागेवर धरायचा प्रयत्न करतात, बराचसा यशस्वी होतो, पूर्ण होत नाही. म्हणजे काट्याकडे बघावं असा क्षण आणि काट्याकडे चुकूनही बघू नये असा क्षण, हे दोन्ही एकच. मीटर कितीही महागाचं आणा, ही अडचण सुटत नाही.

मामांनी ती सोडवली ट्रकच्या दिव्याने. ब्लॉकवर मीटरच्या सेंडरशेजारी दुसरा स्विच बसवला, पंचवीस पीएसआयला पेटणारा. दिवा म्हणून ट्रकचा लाल साइड लॅम्प घेतला आणि डॅशबोर्डच्या वर, काचेच्या खालच्या कडेला, ड्रायव्हरच्या सरळ नजरेपासून थोडा डावीकडे लावला. कडेच्या नजरेला आकडा कळत नसला तरी उजेड कळतो, आणि एवढा मोठा लाल उजेड तर आंधळ्यालाही कळेल. इंजिन गरम होऊन आयडलला आलं की हा दिवा पेटलेलाच राहतो, त्यामुळे स्टार्ट लाइनवर आमच्या गाडीत वरातीसारखा लाल प्रकाश असतो आणि मार्शल काळजीने आत बघतात. क्लच सुटला, आरपीएम चढले, की दिवा विझतो. त्यानंतर तो पुन्हा दिसला तर पाय वर घ्यायचा, विचार नंतर करायचा.

याच मामांनी मेकॅनिकल मीटरला मात्र ठाम नकार दिला. ती अचूक असतात, स्वस्त असतात, पण त्यांच्यात खरोखरच इंजिनातलं तेल एका बारीक नळीतून डॅशबोर्डपर्यंत येतं. हादऱ्याने नळी तुटली तर शंभर अंशांचं तेल ड्रायव्हरच्या पायांवर. "मग बघा म्हणावं काटा!" मामा म्हणाले.

पाण्याच्या तापमानाचा काटा तर चक्क खोटं बोलतो. काटा वर चढला म्हणजे गाडी तापली, हे कुणालाही कळतं. पण दगड लागून रेडिएटर फुटला आणि पाणी भळभळून गेलं, तर सेंडर कोरडा पडतो. त्याला पाणी लागलं तरच तो पाण्याचं तापमान सांगणार. नुसत्या हवेत तो कमी दाखवायला लागतो. काटा खाली उतरतो. ड्रायव्हरला वाटतं, वाऱ्याने गाडी थंड झाली, आणि तो खुशीत पाय दाबतो. पुढच्या काही मिनिटांत हेड वाकतं. मीटर फिरवून बसवण्याची खरी किंमत मला इथे पटते. काटा उभा नाही एवढंच बघायचं. तो उजवीकडे कलला की डावीकडे, यावर आनंद किंवा दुःख मानायचं नाही. पाणी गेलं हे सगळ्यांत आधी कळतं ते नाकाला. कूलंटचा तो गोडसर, किंचित मळमळवणारा वास हीटरच्या जाळीतून आला, की मी काट्याकडे न बघताच बोलतो.

रस्त्यावरच्या गाड्यांचे काटे आणखी लबाड झालेत. कित्येक आधुनिक गाड्यांत पाण्याचं तापमान 75 असो की 100 च्या वर, काटा मध्यावर खिळलेला असतो. इलेक्ट्रॉनिक्स त्याला हलू देत नाही. माझदाच्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये सुरुवातीला ऑइल प्रेशरचं खरं मीटर होतं. 1990 च्या दशकाच्या मध्यात कंपनीने त्याच्या जागी नुसता चालू-बंद स्विच टाकला, काटा मात्र दिसायला तसाच ठेवला. खरा काटा सतत वरखाली होतो, मालक घाबरतात आणि सर्व्हिस सेंटरला खेटे घालतात, असं त्यामागचं कारण सांगितलं जातं. फसवणूक आहे, यात वाद नाही. पण रस्त्यावरच्या माणसाला घाबरवून काय साधणार होतं, हाही प्रश्न आहेच.

एका दिव्याने किती माणसांचं लक्ष खाल्लं, याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण रॅलीतलं नाही. 29 डिसेंबर 1972 च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचं 401 क्रमांकाचं विमान मायामीला उतरत होतं. पुढचं चाक खाली येऊन लॉक झाल्याचा हिरवा दिवा लागला नाही. विमान वर घेऊन ऑटोपायलटवर टाकलं आणि कॉकपिटमधली सगळी माणसं त्या दिव्याच्या मागे लागली. दरम्यान ऑटोपायलटने उंची धरून ठेवणं सोडून दिलं होतं. विमान हळूहळू खाली येत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत घुसलं; शंभरावर माणसं गेली. चाक व्यवस्थित खाली आलेलं होतं. बल्ब उडाला होता. उंची सांगणारी मीटर त्यांच्या समोरच होती आणि ती अगदी खरं सांगत होती. बघायला कुणी मोकळं नव्हतं, एवढंच.

म्हणून माझ्या मते हा प्रश्न मीटर कुठलं आणि कुठे, याच्या आधी ते कुणी बघायचं, हा आहे. कामाची ही वाटणी रॅलीच्या हाडीमाशी आहे. 1955 च्या मिल्ले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि डेनिस जेंकिन्सन यांनी मर्सिडीज 300 एसएलआरमधून इटलीतले सुमारे सोळाशे किलोमीटर 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत कापले. रस्त्याची सगळी टिपणं जेंकिन्सनने साडेपाच मीटर लांबीच्या कागदी गुंडाळीवर उतरवली होती आणि ती खिडकी असलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्यात बसवली होती. उघड्या गाडीत एकमेकांचा आवाज ऐकू येणं अशक्य, म्हणून हाताच्या खुणा ठरवलेल्या. वाटेत ओकायला बाहेर वाकला तेव्हा जेंकिन्सनचा चष्मा वाऱ्याने उडाला. त्याने जादा चष्मा आणलेला होता. आजच्या सगळ्या को-ड्रायव्हरांचा हा आद्य पुरुष. पलीकडची वाट दिसत नसताना मॉस तिच्यावर पूर्ण वेगाने गाडी सोडत होता, कारण ती बघायचं काम त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांना दिलं होतं.

अंतर मोजायचं कामही असंच डावीकडे आलं. स्वीडनची हल्डा ही टॅक्सीची मीटर बनवणारी कंपनी. तिचं स्पीडपायलट आणि नंतरचं ट्विनमास्टर एके काळी जगभरच्या रॅलीच्या गाड्यांत को-ड्रायव्हरच्या पुढ्यात असे. आता त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक ट्रिपमीटरने घेतली आहे. आमच्या ट्रिपमीटरचा सेन्सर मागच्या चाकाला आहे. एस्टीमची ओढणारी चाकं पुढची, ती मुरमावर जागच्या जागी फिरली तरी मोजणीत भर पडते. मागची चाकं बिचारी फक्त रस्ता मोजतात.

तर अंतर माझं, वेळ माझी, नोट्स माझ्या. मग प्रकृतीचे काटेही माझेच का नसावेत? आम्ही ते तिन्ही मधोमध, पण थोडे माझ्याकडे वळवून घेतले. रेकीच्या वेळी, म्हणजे आधी सावकाश फिरून नोट्स लिहिताना, वहीत दोनशे मीटरच्या वरचा सरळ पट्टा आला, की त्या ओळीपुढे मी एक छोटा त्रिकोण काढतो. ओढा ओलांडल्यावर आणखी एक, कारण पाण्यात आपटल्यावर रेडिएटरचं काही सांगता येत नाही. स्टेजवर त्रिकोण आला की मी एकदाच उजवीकडे बघतो. तिन्ही काटे उभे असले तर इंटरकॉमवर म्हणतो, "ठीक." यापलीकडे काही नाही. आकडा कधीच सांगायचा नाही, हा नियम आहे. "अठ्ठ्याण्णव" म्हटलं की तो स्वतः खात्री करायला मान वळवणार, हे ठरलेलं. काही बिघडलंच तर सांगायचं तेही निर्णयाच्या रूपात: "हळू", नाहीतर "थांब". का थांब, हे थांबल्यावर.

काही बिघडेपर्यंत काट्यांनी गप्प राहायचं, हे साबच्या इंजिनिअरांनी रस्त्यावरच्या गाडीत करून दाखवलं होतं. याच कंपनीच्या गाडीतून एरिक कार्लसनने 1962 आणि 1963 ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकली होती. 1990 च्या दशकात साबने डॅशबोर्डवर एक बटण दिलं. रात्री ते दाबलं की सगळी मीटर काळोखात जातात. उरतो फक्त स्पीडोमीटर, तोही 140 पर्यंतच उजळलेला. बाकीच्यांपैकी एखाद्याला काही सांगायचं असेल तेव्हाच ते उजळतं. डॅशबोर्डवर यापेक्षा शहाणं बटण मी पाहिलेलं नाही. आणि आपल्याकडे अॅक्सेसरीच्या दुकानांत टर्बो नसलेल्या गाडीला बूस्ट मीटर लावून मिळतं, निळ्या प्रकाशात, दरवाजाशेजारच्या खांबावर, म्हणजे उजवं वळण नेमकं जिथून दिसतं तिथे.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो स्क्रीनवरून. मित्राला सात इंची डिजिटल डॅश हवा आहे. त्यात सगळंच दिसतं: चाळीस गोष्टी, पाच पानं, रंगीत पट्ट्या. मी विरोधात होतो. माझं मन वळलं ते दोन कारणांनी. एक तर तो सगळं नोंदवून ठेवतो, म्हणजे मामांना सर्व्हिसमध्ये बसून कुठल्या वळणावर प्रेशर किती बसलं ते बघता येईल. दुसरं, त्याला गप्प बसवता येतं. मर्यादा ओलांडेपर्यंत पडदा काळा ठेवायचा, अशी सोय आहे.

माझी अट अशी, की त्याच्या समोर फक्त गिअरचा आकडा आणि शिफ्ट लाइट. पानं बदलायचं बटण माझ्या बाजूला.

"पैसे माझे आणि बटण तुझ्याकडे?" तो म्हणाला.

घासाघीस अजून चालू आहे. पाण्याचं तापमान कोपऱ्यात बारीक अक्षरात ठेवू द्यावं, इथपर्यंत तो उतरलाय, आणि त्याला तेवढी अक्षरं चष्म्याशिवाय दिसत नाहीत हे मला माहीत असल्याने मी फारसं ताणत नाहीये. मामांनी मात्र दोघांचंही ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं: स्क्रीन कुठलीही आणा, ट्रकचा दिवा राहणार, आणि त्याची वायर स्क्रीनमधून न जाता स्विचपासून थेट बल्बपर्यंत येणार. वायरिंगला ते येत्या रविवारी बसणार आहेत. एक जादा बल्बही आणून ठेवा म्हणालेत.